गोरं करायचं मलम

माझ्या तोंडाला हात लावायचा हक्क लोकांना कोणी दिला होता, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. लहानपणी घोडपदेवच्या आमच्या चाळीत कोणीही शेजारीण यायची, हनुवटी धरून माझं तोंड खिडकीकडे वळवायची आणि आईला सांगायची, "नाकीडोळी नीटस आहे हो पोरगी, रंगाने तेवढा मार खाल्ला." मी तिथेच उभी असायचे. माझी हनुवटी तिच्या बोटांत असायची. पण बोलणं आईशी चालायचं.

आम्ही दोघी बहिणी. धाकटी आईवर गेलेली, गोरी. मी बाबांवर. बाबा गिरणीत साचे खात्यात होते, दिवसभर मागावर उभे, आणि चांगले काळेकुळकुळीत. त्यांच्या रंगाबद्दल कोणी एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. त्यांच्याकडून मला मिळालेला तोच रंग मात्र सगळ्या मजल्याच्या चर्चेचा विषय होता. आई दर रविवारी मला मोरीत बसवून डाळीचं पीठ आणि साय चोळायची. चोळायची म्हणजे खरवडायची. डोळ्यांत पाणी आलं की म्हणायची, "रडतंस कित्याक? तुझ्या भल्यासाठीच ना?" बहिणीला कधी बसवलं नाही. ती दारात उभी राहून बघायची.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारावीला होते. परीक्षा दिली, पास झाले, पण पुढे कॉलेजचं नाव कोणी काढलं नाही. सुरुवातीला सगळ्यांना वाटत होतं, महिना दोन महिन्यांत मिटेल. बाबा रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सभेला जायचे, जणू पाळीलाच निघालेत. पावसाळा संपला तरी काही मिटलं नाही. आईने साड्यांना फॉल लावायची कामं घरी आणायला सुरुवात केली. ज्या दुकानातून ती साड्या आणायची ते दादरचं दुकान. तिथे मुली हव्यात असं तिला कळलं आणि एका सकाळी ती मला घेऊन गेली.

दुकानाचा कारभार मालकाची बहीण बघायची. आम्ही सगळ्या तिला ताई म्हणायचो. चाळिशीची बाई, बोलायला गोड. तिने मला मार्क विचारले नाहीत, हिशेब येतो का विचारलं नाही. माझी हनुवटी धरली आणि तोंड ट्यूबलाईटकडे वळवलं.

"उंची छान आहे," ती आईला म्हणाली. "साडी अंगावर चांगली पडेल. रंगाचं काय ते आपण बघू."

आत, जिथे साड्यांचे गठ्ठे ठेवायचे त्या खोलीत, भिंतीला एक आरसा होता आणि खाली फळीवर पॅनकेकची एक डबी. चार मुलींना मिळून एक डबी आणि एक स्पंज. डबीतला रंग गुलाबी. तो बाकीच्या तिघींनाही फारसा शोभत नव्हता, पण माझ्या तोंडावर तो लावला की राख फासल्यासारखं दिसायचं. गळा काळा, कान काळे, आणि मधे हे करडं तोंड. त्यावर लाल लिपस्टिक. ती पण चौघींना एकच. एकीला सर्दी झाली की आठवडाभरात चौघींना व्हायची.

पहिल्या दिवशी मी ताईला म्हटलं, "हे माझ्या रंगाचं नाही."

ती हसली. "तुझ्या रंगाचं कशाला हवं? तुझा रंग झाकायलाच तर लावायचं."

आमचं काम असं होतं, की गादीवर बसलेला माणूस साडीची घडी मोडायचा आणि आम्ही पदर आपल्या खांद्यावर टाकून गिऱ्हाइकाला दाखवायचो. मी अबोली रंगाची साडी खांद्यावर टाकली की एखादी बाई सरळ म्हणायची, "हिच्यावर नका दाखवू, त्या दुसरीवर दाखवा, नीट कळत नाही." ती दुसरी म्हणजे माझ्या शेजारी उभी असलेली, रत्नागिरीकडची, उजळ. ती बिचारी ओशाळायची. म्हणणारी बाई कित्येकदा माझ्याइतकीच काळी असायची. तिला ती साडी स्वतःच नेसायची होती, तरी ती माझ्यावर बघवत नव्हती.

संध्याकाळी निघण्याआधी आम्ही नळावर साबणाने तोंड खसाखसा धुवायचो. कारण चाळीत ते तोंड घेऊन जाता येत नव्हतं. दुकानात रंगवलं नाही तर गबाळी, आणि चाळीत रंगवून गेलं तर चालू. दोन्हीकडे माझ्या तोंडावर लोकांची मतं तयार. आमच्या मजल्यावरच्या एकीने मला एकदा दुकानात बघितलं होतं. ती दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाप संपावर आणि पोरगी लिपस्टिक लावून." मी तिला काहीच बोलले नाही. आज वाटतं, बादली फेकून मारायला हवी होती.

एका दुपारी दुकानावरून मोर्चा जाणार होता. मालकाने शटर अर्धं खाली ओढलं. घोषणा ऐकू आल्या तशा आम्ही चौघी वाकून बाहेर आलो आणि पायरीवर उभ्या राहिलो. रांगा येत होत्या. तिसऱ्या की चौथ्या रांगेत, आमच्याच बाजूच्या कडेला, बाबा होते. बाह्या वर केलेल्या, आवाज बसलेला. माझ्यापासून चार पावलांवर. मी हसले. त्यांनी आमच्याकडे बघितलं. चौघींच्या तोंडांवरून त्यांची नजर, दुकानाच्या काचेतल्या बाहुल्यांवरून फिरावी तशी, फिरली आणि पुढे गेली. त्यांनी हात वर करून घोषणा दिली आणि ते निघून गेले.

मी हाक मारली नाही. का मारली नाही, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. तसल्या तोंडाने मला त्यांची मुलगी म्हणवून घ्यायची लाज वाटली.

घरी जेवताना मी विचारलं, "बाबा, आज मोर्चा आमच्या दुकानावरून गेला ना?"

"गेला की. पाटी वाचली मी. तू आत होतीस?"

"दारात होते."

त्यांनी घास खाली ठेवला. "दारात चार बाया होत्या."

"त्यातली दुसरी मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी धुतलेल्या तोंडाने बसले होते, कानाच्या मागे कुठेतरी थोडा गुलाबी रंग राहिला असेल. आई म्हणाली, "भात घेवा." बाबांनी ऐकलं नाही.

"मला ओळखता आलं नाही," ते म्हणाले. आणि मग, "पुढच्या वेळी हाक मार."

पुढची वेळ आली नाही. मोर्चे कमी कमी होत गेले.

दिवाळीनंतर ताईने मला आतल्या खोलीत बोलावून एक ट्यूब दिली. पांढरी, बारकी, औषधाच्या दुकानातली. "माझ्या भाचीने लावली," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ लाव, महिन्यात फरक दिसेल. तुझं लग्न करायचंय ना आईला?" तिच्या आवाजात माया होती. हे मी तिच्यावर कितीही चिडले तरी खोटं सांगणार नाही. तिला खरंच वाटत होतं की ती माझं भलं करतेय. माझ्या आयुष्यात माझ्या तोंडाचं जे जे वाटोळं झालं ते मायेनेच झालं.

मलम लागू पडलं. तीन आठवड्यांत मी उजळले. तोंड मऊ, तुळतुळीत झालं. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. नळावर बोललेली ती शेजारीण मला थांबवून विचारून गेली, काय लावतेस. दुकानात मला पुढे उभं करायला लागले. आणि मला ते आवडलं. हे लिहायला मला जड जातंय, पण आवडलं. घरी बाबा गप्प बसून असायचे, आईची बोटं सुईने सोललेली असायची, आणि मी आरशासमोर उभी राहून स्वतःचे गाल बघायचे. त्या सबंध घरात त्या वर्षी सुधारणा झाली ती फक्त माझ्या रंगात.

चार-पाच महिने गेले. मग उन्हात गेलं की गाल भाजल्यासारखे व्हायला लागले. लाल चट्टे, मग पुळ्या, मग पुळ्यांत पू. गालांवर बारीक लव उगवली. एक दिवस मलम लावलं नाही तर इतकी आग व्हायची की मी ओला पंचा तोंडावर घेऊन बसायचे. ताईला सांगितलं, तर म्हणाली, "थोडं जास्त लाव. आणि वरून पॅनकेक जाडसर, म्हणजे दिसणार नाही." मी लावलं. पुळ्यांवर पॅनकेक, आणि तोच स्पंज. बाकीच्या तिघींनी स्पंज वापरायचं सोडलं आणि त्यांचंही बरोबर होतं.

शेवटी बाबा मला परळच्या इस्पितळात घेऊन गेले. त्यांना आता सकाळी कुठे जायचं नव्हतं. दोन तास बाकावर बसलो. डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, चष्मा गळ्यात दोरीला. मी समोर बसले आणि सवयीने हनुवटी पुढे केली. त्यांनी विचारलं, "हात लावू का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मला तो आजवर कोणी विचारला नव्हता.

त्यांनी बघितलं, ट्यूब मागितली, मागचं बारीक छापलेलं वाचलं आणि टेबलावर आपटली. "हे कोणी दिलं?"

"जिथे काम करते त्या बाईने."

"डॉक्टर आहे ती?"

"साडीच्या दुकानात आहे."

"हे चट्ट्यांवर लावायचं औषध आहे. आम्ही लिहून दिलं तर, आठ-दहा दिवस, तेवढ्याच जागेवर. तोंड गोरं करायला नाही. कातडी पार पातळ करून टाकलीय." मग त्या बाबांकडे वळल्या. "बंद केलं की आणखी बिघडेल. दोन-तीन महिने वाईट जातील. तिला घरात कोणी काही बोलायचं नाही, आणि हे पुन्हा लावायचं नाही. कितीही आग झाली तरी."

बाबा म्हणाले, "नाही लावणार." जणू ट्यूब त्यांनीच लावली होती.

मी मलम बंद केलं आणि कामावर जात राहिले, कारण आईच्या फॉलच्या पैशांत घर भागत नव्हतं. पॅनकेकही बंद केलं. ताईने मला बघितलं आणि आतल्या खोलीत घड्या घालायला बसवलं. "गिऱ्हाइकांना किळस येईल गं. बरी होईपर्यंत आतच बस." दुपारचा चहा मला आत यायचा. रत्नागिरीकडची ती मुलगी तेवढी येऊन बसायची, माझ्याबरोबर प्यायची.

मला तिथे बसून महिना झाला असेल. एका दुपारी बाहेर लग्नाचा बस्ता बांधायला माणसं आली होती. पडद्याच्या फटीतून मला नवरी मुलगी दिसली. एकवीस-बावीसची, सावळी, हसरी, तिला एक गर्द मोरपिशी शालू मनात भरला होता. ती तो सोडायला तयार नव्हती. आणि ताईचा आवाज आला, तोच मायेचा.

"हा रंग तुझ्यावर उठणार नाही बाळ. लग्नाला किती दिवस आहेत? दीड महिना? मग एक सांगू का? एक मलम आहे. भरपूर वेळ आहे तुला."

मुलीची आई लगेच पुढे झाली. "कुठलं हो? लिहून द्या ना."

मी उठले. आधी काही ठरवलं नव्हतं. हातातली साडी तशीच होती, अर्धी घडी घातलेली. पडदा बाजूला करून मी गादीजवळ जाऊन उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एका लहान पोरीने आईच्या पदरात तोंड लपवलं, इतकं ते तोंड वाईट झालं होतं.

"लावू नका," मी म्हटलं. "मी हेच मलम लावलंय. ह्यांनीच दिलं. बघून घ्या."

नवरी मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "तो मोरपिशी घे. छान दिसतोय तुला."

ताईने माझा दंड धरला आणि मला आत ओढलं. आत आल्यावर तिचा गोडवा संपला. "तुझ्यावर उपकार केले त्याचे हे पांग फेडलेस? उद्यापासून येऊ नकोस."

"डॉक्टर म्हणाल्या कातडी पातळ झालीय," मी म्हटलं. मला खूप काही बोलायचं होतं, इतक्या वर्षांचं, पण तोंडून एवढंच आलं. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

ती म्हणाली, "जा."

मी गेले. नवरीने शालू घेतला की नाही, मला माहीत नाही. कळवायला कोण येणार होतं?

घरी सांगितलं. आईने ऐकलं, हातातली सुई साडीत खोवली, उठली आणि माझ्या थोबाडीत मारली. सुजलेल्या गालावर. पुळी फुटली. मी ओरडले. आईच्या बोटांना रक्त लागलं ते बघून ती स्वतःच हादरली, पण बोलायची थांबली नाही. घर कसं चालणार, तुला कोण उरावर घेणार, ह्या तोंडाने. बाबा कोपऱ्यात बसले होते. मी त्यांना कधी आईवर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशीही चढवला नाही.

"तिच्या तोंडाला पुन्हा हात लावायचा नाही," ते म्हणाले. "कोणी पण. तू पण."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आईच्या समोर बसून सुईत दोरा ओवला. वीस वर्षं मागावर कापड विणलेला माणूस साड्यांना फॉल लावायला लागला. सुरुवातीला दार लोटून घ्यायचे. नंतर दार उघडं ठेवून लावायला लागले. अर्थात काम त्या दुकानाचं राहिलं नव्हतं, आईला दुसरं शोधावं लागलं. तेवढ्याचा राग आईने माझ्यावर कित्येक वर्षं ठेवला.

संप कधी संपला हे मला सांगता येणार नाही. कोणी संपला असं सांगितलंच नाही. काही जण आत गेले, बाबांना परत घेतलं नाही. माझं तोंड बरं व्हायला दीड वर्ष लागलं. डाव्या गालावर खड्डे राहिले, ते आजही आहेत. मी टायपिंग शिकले आणि भोईवाड्याच्या कोर्टाबाहेर एका वकिलाच्या टेबलावर अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करायला लागले. तिथे येणाऱ्या माणसांना आपल्या कागदाची काळजी असायची, माझ्या रंगाकडे बघायला फुरसत नसायची. मला ती जागा फार आवडली. मी तिथे अकरा वर्षं काढली.

मधे स्थळं यायची. आईने गिरगावात एका स्टुडिओत माझा फोटो काढून घेतला, फोटोवाल्याने इतका उजेड टाकला की गालावरचे खड्डेही नाहीसे झाले. पहिलं स्थळ आलं, मुलाच्या मावशीने माझ्याकडे बघितलं, हातातल्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "फोटोत वेगळी वाटली होती." मी तिच्या हातातून फोटो घेतला, चार तुकडे केले आणि बशीत पोह्यांच्या बाजूला ठेवले. ते स्थळ गेलं. आईने दोन दिवस अन्न टाकलं. पुढे ज्यांच्याशी लग्न झालं ते त्याच कोर्टात कारकून होते. माझं तोंड त्यांनी तीन वर्षं रोज बघितलं होतं, त्यामुळे दाखवायचा कार्यक्रम करावा लागला नाही.

गेल्या वर्षी बहिणीच्या मुलाचं लग्न झालं. लग्नाच्या सकाळी हॉलवरच्या खोलीत पार्लरच्या दोन मुली आल्या होत्या, सगळ्या बायकांची तोंडं रांगेने रंगवत होत्या. माझी बहीण, ती गोरी, साठीला आलेली, अर्धा तास खुर्चीत बसून होती. ती जन्मभर हेच करत आली. मला काळेपण घालवायचं होतं, तिला गोरेपण सांभाळायचं. उन्हात उभी राहून कधी गप्पा मारल्या नाहीत तिने. त्याचा मला आता राग येत नाही, तिच्यासाठी जीव तुटतो.

तिचं झाल्यावर एक मुलगी ब्रश घेऊन माझ्याकडे आली. "काकी, थोडंसं फाउंडेशन? दोन शेड लाइट करते, फोटोत मस्त येईल."

"दूर हो," मी म्हटलं. खूप जोरात. त्या मुलीचा हात हवेतच राहिला. ती काळी होती. तिने स्वतःच्या तोंडावर दोन शेड चढवल्या होत्या आणि गळ्यापाशी रेघ दिसत होती.

कोपऱ्यातून आई बोलली. ती नव्वदीला टेकलीय, कान तिखट आहेत. "लावून घे गो जरासा. तोंड झिजता काय तुझा? फोटोत काळी दिसतंस मगे."

चाळीस वर्षं झाली. ते मलम, ते इस्पितळ, ती थोबाडीत, सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालं, आणि हिला अजून फोटोची काळजी. माझ्या डोक्यात सणक गेली. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"काळी आहे म्हणून काळी दिसते. तुला अजून लाज वाटते का गं माझी?"

मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलेल, एक शब्द. ती म्हणाली, "माका तुझी लाज कधी वाटाक नाय. लोकांचा भय वाटला." आणि मग, जरा घुश्शात, "तू लाव नाय तर नको लाव."

ह्याने माझा राग गेला असं नाही. भीतीपोटी आपल्या पोरीचं तोंड खरवडणाऱ्या बाईला मी एवढ्या वाक्यावर सोडून देणार नाही. तिने हात पुढे करून माझ्या साडीची निरी सारखी केली, मी करू दिली.

ती पार्लरची मुलगी अजून तिथेच उभी होती, आपलं काय चुकलं ते न कळून. तिची काही चूक नव्हती, तिला तेच शिकवलं होतं. मी तिला जवळ बोलावलं. "तोंड राहू दे. अंबाडा घालून देशील का? मला मागे हात नीट पोचत नाही."

तिने ब्रश ठेवला आणि माझे केस सोडले. तिचे हात हलके होते. विंचरता विंचरता तिने हळूच विचारलं, "काकी, गालाला काय झालं होतं?"

मी तिला सगळं सांगितलं, ट्यूब कुठून आली तिथपासून. तिचे हात मधेच थांबले. मग ती म्हणाली, "मी पण एक लावते. आमच्या मॅडमनी दिलंय."

"आण दाखव," मी म्हटलं आणि पर्समधून चष्मा काढला.